ताजा पेनड्राईव्ह

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा त्यानेच आदल्या दुपारी बनवून दिलेला पेनड्राईव्ह शाळेतल्या कॉम्प्युटरला लावलेला होता आणि स्क्रीनवर नवी सिस्टीम चढत होती. पहाटे अटॅक आला, असं त्याच्या शेजारचा स्टेशनरीवाला सांगत होता आणि मी वेड्यासारखा बोलून गेलो, "अरे, काल तर माझं काम करून दिलं त्यानं!" या एका वाक्यानं दीड महिना माझा पिच्छा सोडलेला नाही.

दिग्रसच्या बाजारात रफिकचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, मागे घर. आधी टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर असं करत तो इथवर आला. मी शाळेत मराठी शिकवतो, पण 'सरांना कॉम्प्युटरमधलं कळतं' असं कुणीतरी म्हणालं आणि दहा म्हाताऱ्या मशीन माझ्या गळ्यात पडल्या. महिन्या-दोन महिन्यांनी त्यातली एखादी मान टाकणार हे ठरलेलं. मग तिच्यात सिस्टीम नव्यानं टाकायची, आणि त्यासाठी पेनड्राईव्ह असा तयार करायचा की मशीन थेट त्याच्यावरूनच सुरू व्हावी. नुसती फाईल कॉपी करून भागत नाही. पहिल्या वर्षी मी तेच केलं, मशीन ढिम्म, आणि रफिक पोट धरून हसला... एक पेनड्राईव्ह कायमचा देऊन टाक, असं मी त्याला शंभरदा सांगितलं असेल. पण नाही! "शिळी सिस्टीम नाही टाकत, सर. ताजी बनवून देतो, बसा." मग आधीचा पेनड्राईव्ह माझ्याकडून परत घ्यायचा, सगळं पुसायचं, बटण दाबायचं, आणि ती हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकायला लागायची. अर्धा तास कुठेच गेला नाही. तेवढ्यात रफिकचं पुराण सुरू व्हायचं. पुसदच्या जावयाची नोकरी, स्वतःचा गुडघा, सोयाबीनचा भाव, सगळं. मी मूळचा तापट. "लेका, पोळ्या लाटतो का इथं? आटप की!" असं ओरडायचो, आणि तो चहा मागवायचा.

त्या दुपारी तो छाती चोळत होता. काय होतंय विचारलं तर म्हणे ॲसिडिटी, सकाळी मिरचीभजी जास्त झाली. डॉक्टरला दाखव म्हटलं. डॉक्टर कुठे लांब होता? चार दुकानं सोडून.

"दाखवतो न. तुमचं होऊ द्या आधी."

आणि मी, मी मराठीचा मास्तर, शहाणा माणूस, काय म्हणालो? "हो, कर लवकर. चारला मीटिंग आहे."

तेव्हापासून जिवाला चैन नाही. जेवताना मध्येच उठतो, वर्गात शिकवता शिकवता थांबतो. तो अर्धा तास माझ्या कामात गेला नसता तर रफिक डॉक्टरकडे गेला असता का? बायको म्हणते, कुणाला कसं कळणार. तिचं बरोबर आहे. पण मी शाळेतून घरी येताना बाजाराचा रस्ता टाळायला लागलो, आणि रफिकच्या बायकोला, शमीमभाभींना, तोंड दाखवायची हिंमत होईना.

शेवटी गेल्या रविवारी पेनड्राईव्ह परत द्यायचं निमित्त करून गेलो. भाभी दुकानातच बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं, माझ्या घाईसकट. त्यांनी उठून काउंटरचा ड्रॉवर ओढला. आत आठ-नऊ पेनड्राईव्ह, प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर रफिकचं गिचमिड अक्षर.

"हे सारे तयारच हायेत, सर. दुसऱ्या गिऱ्हाईकाले एका मिनिटात काढून देत. तुमच्यासाठीच बनवत बसत."

"काहून?" मी विचारलं.

"हातात देला असता तं तुमी लगेच निघून गेले असते न."

माझं ओझं उतरावं म्हणूनच त्या बोलल्या. तुमच्या कामापायी नाही अडकले ते, असंही म्हणाल्या. मी मान डोलावली, चहा घेतला, घरी आलो.

एक गोष्ट मात्र भाभींना सांगितली नाही. त्या दुपारीही रफिक अर्धा तास काहीतरी सांगत होता, आणि मी मोबाईलमध्ये डोकं घालून नुसता 'हं, हं' करत होतो. काय सांगत होता ते आठवायला रोज बसतो... एक वाक्यसुद्धा आठवत नाही.