चारशे मीटरपुरतं पेट्रोल

गेल्या वर्षी चारशे मीटरच्या मोटारसायकल शर्यतीत मी पहिली आले आणि इंधन तपासणीत बाद झाले. हौसेनं वेग वाढवणाऱ्या द्रवाची कुठलीशी बाटली टाकीत ओतली होती. ‘फक्त पंपाचं साधं पेट्रोल’ हा नियम मी, विज्ञानाची शिक्षिका, नीट वाचलाच नव्हता! यंदा पुन्हा सापडले असते तर कायमची बंदी होती.

म्हणून मी हट्टाला पेटले. पंपापंपावरचं पेट्रोल आणून शाळेतल्या मोजपात्रात पाण्याबरोबर हलवायचं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. बारामतीतल्या एका पंपाचा थर दर खेपेला सारखा आला, तोच पंप धरला. सरावात गाडीही दर फेरीला सारखाच वेळ देऊ लागली, तेव्हा मी जळोचीतल्या आमच्या घराच्या अंगणात चक्क नाचले.

शर्यतीला कॅन घेऊन निघाले, सासरे म्हणजे आमचे तात्या बरोबर. धावपट्टीशी पोचल्यावर सवयीनं कॅनमधलं पेट्रोल तपासलं, तर खालचा थर भलताच चढलेला.

“तात्या, कॅनमध्ये काय घातलंत?”

“चार बोटं कमी दिसला गं. घरातनं सून निघाली आन् भांडं अर्धवट द्यायचं व्हय? वळखीतनं इथेनॉल आणलं हुतं, वतलं. आपल्याच उसाचं हाय, त्यात काय गैर?”

जन्मभर कारखान्याला ऊस घातलेला माणूस. उसातून निघालेलं काहीही त्यांना घरचंच वाटतं. मी भयंकर चिडले, आणि हसूही आवरेना.

टाकीत आदल्या दिवशी त्याच पंपावर भरलेलं पेट्रोल होतं, जेमतेम एका फेरीपुरतं. सरावाच्या फेऱ्या सोडून दिल्या. कॅन तपासनिसापुढं ठेवून खरं काय ते सांगितलं. त्यानं टाकीतला नमुना घेतला, तपासला आणि मला रांगेत सोडलं.

हिरवा दिवा लागला आणि गाडी अशी सुटली की पोटातलं सगळं पाठीला जाऊन चिकटलं! मी हेल्मेटच्या आत ओरडत होते. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

चौथी आले. तात्यांचा चेहरा पडला. “माझ्यापायी नंबर गेला.”

“तात्या, गेल्या वर्षी पहिली येऊन यादीत नावच नव्हतं. आज बघा.”

त्यांनी चष्मा पुसला, निकालाच्या फलकापाशी गेले आणि माझ्या नावावर बोट ठेवून ते दोनदा मोठ्यानं वाचलं.