भिंतीबाहेरची कबर

पाळकबाईंनी माझ्या हातातली मेणबत्ती काढून घेतली आणि फुंकर मारून विझवली.

"कुठे चाललीस?"

"आयकडं."

"तुझी आई इथे नाही. ती भिंतीबाहेर आहे. आत यायचं नाही."

लोणावळ्याचं कबरस्तान. पुनरुत्थानाच्या सणाची, ईस्टरची पहाट. त्या पहाटे आम्ही ख्रिस्ती लोक आपापल्या माणसाच्या कबरीवर चाफ्याची फुलं ठेवतो, मेणबत्ती लावतो आणि एकमेकांना सांगतो, ख्रिस्त उठला आहे. तेव्हा मी चौथीत होते. बा घाटातल्या रेल्वेवर गँगमन. आम्ही कार्ल्याकडच्या महारवाड्यातले. पाळकबाई म्हणजे पाद्र्याची बायको, त्यांचं घर पूर्वीचं ब्राह्मणाचं. धर्म दोघांनी घेतला, पण कबरीला जागा वेगळी. आत साहेबलोक आणि वरच्या जातीचे ख्रिस्ती. आमचं माणूस मेलं की मागच्या भिंतीपलीकडं, करवंदीच्या जाळीत.

मी विचारलं, "मग माजी आय उटणार न्हाई का?"

मिशनच्या शाळेत शिकवलं होतं, शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल आणि मेलेले उठतील. मी ते खरं मानलं होतं. अगदी भाकरीइतकं खरं.

भोवती जमलेल्या बायका हसल्या. पाळकबाई म्हणाल्या, "आधी आमची माणसं उठतील. मग तुमचं बघू. वर झाडलोटीला कुणीतरी लागेलच की."

पुन्हा हसणं.

बानं माझा दंड धरून मला फाटकाबाहेर ओढलं. "गप ऱ्हा. शाळेतनं नाव काडत्याल तुजं." लोखंडी पहार एका हातानं पेलणारा माणूस. तो भ्याला होता. ते बघून मीही भ्याले.

माझी भीती दुहेरी होती. आय बाळंतपणात मेली होती. बाळंतीण मेली की हडळ होते, असं आमच्याकडं मानतात. धर्म घेतला तरी आजीच्या डोक्यातून ते गेलं नव्हतं. आयला पुरलं तेव्हा पाळकसाहेब प्रार्थना करून गेले, ही उठेल असं सांगून गेले. त्यांची पाठ वळताच आजीनं कबरीच्या चारी कोपऱ्यांत रुळाचे गंजके खिळे ठोकले. वाटेवर राळे फेकले, हडळ ते दाणे वेचत बसते म्हणून. म्हणाली, "आता न्हाई उटायची." बा मधे उभा. त्यानं आजीला अडवलं नाही. तेव्हापासून मी तिकडं फिरकले नव्हते. म्हणून त्या पहाटे सगळ्यांच्या सोबतीनं आतून भिंतीपर्यंत चालले होते.

आता बा फाटकाशी हात जोडून उभा राहिला. मी भिंतीला वळसा घालून मागे गेले. आत गाणं सुरू झालं होतं. आयच्या कबरीशी आजी आधीच येऊन बसली होती. सणासाठी नाही. खिळे जागेवर आहेत का ते बघायला.

खिळ्यांची डोकी मातीतून वर दिसत होती. काढले आणि आय हडळ होऊन आली तर? पाय उलटे असतील का? मला ओळखेल का? आणि नाही काढले, आणि कर्णा वाजला तर? सगळे जातील. माझी आय खाली अडकून राहील.

ही दुसरी भीती मोठी निघाली.

दगडानं माती उकरली. खिळा दोन्ही हातांनी हलवला. नख उलटलं. आजी किंचाळली, "रांडं, काय करतीस! खाईल ती आपल्याला!"

"खाऊ दे. माजी आय हाय."

पहिला खिळा निघाला तेव्हा मी डोळे मिटले. परकरात मुतले. वाट बघितली. काही झालं नाही. भिंतीपलीकडं लोक गातच होते. मग मी बाकीचे काढले.

तिथंच मातीत बसल्यावर शाळेतला धडा आठवला. येशूच्या कबरीला धोंड लावली, वर शिक्का मारला, शिपाई बसवले. मेलेल्या माणसाला पहारा कशाला? भ्याले होते म्हणून. आजी भ्याली म्हणून खिळे. आणि ही भिंत? तीही भ्यालेल्यांनीच बांधली. माझी आय त्यांच्या शेजारी उठली तर त्यांना विटाळ होईल म्हणून. मरून पडलेल्या एका महारणीला सगळे भीत होते. मला वाटत होतं, भिणारे आम्ही एकटेच.

मी उठले. मातीचे हात, ओला परकर, तशीच फाटकातून आत गेले. बा "पोरी, पोरी" करत राहिला. पहिल्या रांगेत पाळकबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "मागे हो." मी म्हणाले, "न्हाई." भीत होते. तरी म्हणाले.

सोमवारी शाळेतून नाव काढलं. माझं शिक्षण तेवढंच.

धर्म मी सोडला नाही. तो त्यांच्या बापाचा नव्हता. ज्याला लोकांनी मारलं, पुरलं, वर धोंड लोटली, त्याला देवानं तिथं राहू दिलं नाही. पुनरुत्थान म्हणजे मला एवढंच कळतं. जास्त कळायची गरज पडली नाही.

भीती काही गेली नाही. म्हातारी झाले, तरी ती त्या फाटकाशी माझी वाट बघत असते. मी तिला घेऊनच आत जाते.

पोरांना सांगून ठेवलंय. मला आत पुरायचं, मधोमध. कुणी अडवलं तर पेटी फाटकात ठेवायची आणि सगळ्यांनी तिथंच बसायचं. भांडायचं नाही, रडायचं नाही, पाया पडायचं नाही. वास सुटला तरी हलायचं नाही.