पायऱ्यांखालची मेंबर

"उचलायचं नाई."

कोणी मदतीला पुढे आलं की ताई आधी तळहात दाखवायच्या आणि मग हे म्हणायच्या. आवाज चढलेला नसायचा, पण पुढचा माणूस जागीच थबकायचा.

पोलिओने लहानपणीच दोन्ही पाय गेलेले. मुधोळजवळच्या आमच्या गावात त्या हाताच्या मशीनवर ब्लाउज शिवायच्या आणि तीनचाकी सायकल हातांनी रेटत गावभर हिंडायच्या. मी शाळेत मास्तर. शाळा आणि पंचायतीचं ऑफिस यांच्या मधे एक कडुलिंब तेवढा, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

बायकांसाठी राखीव वॉर्ड निघाला तेव्हा ताई उभ्या राहिल्या आणि चक्क निवडून आल्या. सरपंचांनी स्वतः हार घातला. पण मीटिंग ऑफिसच्या आत, आणि ऑफिसला उंच उंच पायऱ्या.

"ताई, तुमी कायले तरास घेता? रजिस्टर घरी पाठवतो, सही करून द्या," सरपंच म्हणाले. माणूस तोंडाचा गोड.

"लोकायनं मले सह्या करायले निवडलं काय?"

"मंग पोट्टे उचलून नेतीन ना आत."

"उचलायचं नाई. पोतं हाये काय मी? उतार बांधा."

आता तुम्हीच सांगा, उतार म्हणजे काय धरण बांधायचं होतं? थोड्या विटा, थोडं सिमेंट, एक गवंडी. पण आपल्या लोकांना दया दाखवायची भारी हौस. ताईंना उचलायला दहा जण धावत यायचे, वीट उचलायला एकही नाही. मला अजून आठवलं की डोकं सणकतं.

ताईंनी सही दिलीच नाही. दर मीटिंगला सायकल पायऱ्यांशी लावून बसायच्या. एकदा मंडलाचे, म्हणजे तालुक्याच्या ऑफिसचे, साहेब आले, त्यांनाही तेच ऐकवलं. साहेब ओशाळले आणि म्हणाले, मग बाहेरच घ्या की मीटिंग. झालं, कडुलिंबाखाली खुर्च्या आल्या.

ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आमच्या वॉर्डाची बोरिंग मंजूर झाली व्हती. थे सरपंचायच्या गल्लीत काऊन खोदून राह्यले?"

रस्त्याने जाणारे थांबले. बाजारातून येणाऱ्या बाया डोक्यावरच्या टोपल्या उतरवून ऐकत उभ्या राहिल्या. एवढ्या लोकांसमोर सरपंच काय बोलणार? बोरिंग ताईंच्या वॉर्डात आली. पाणी लागलं त्या दिवशी ताईंनी मला मुद्दाम बोलावून ग्लासभर पाजलं, आणि वर "खारं तर नाई ना?" असंही विचारलं.

पुढची मीटिंग पुन्हा आत.

"ताईसाठीच केलं जी. बाहेर ऊन लागते त्यायले," सरपंच मला म्हणाले.

"आणि उतार?"

"पाहू ना मास्तर. फंड येऊ द्या."

मग ताई खिडकीखाली सायकल लावून मोठ्याने बोलू लागल्या. दोन-तीन मीटिंगा तशा गेल्या आणि आतून कोणीतरी खिडकी लावून घेतली. ताई बंद फळ्यांकडे पाहत बोलतच राहिल्या, नालीचं बोलल्या, खांबावरच्या दिव्याचं बोलल्या. मला पाहवेना. मी जवळ जाऊन म्हटलं, "ताई, कोणाला सांगताय? कोणी ऐकत नाही."

"नाई ऐकत. मंग मी गप बसू काय?"

मुदत संपली. पुढच्या वेळी वॉर्डाचं आरक्षण बदललं आणि एक धडधाकट गृहस्थ मेंबर झाले. त्यांना पायऱ्यांची काही अडचण नव्हती, पण मीटिंगला ते क्वचितच दिसायचे. ताई काही वर्षांनी काविळीने गेल्या.

नंतर एकदा दाखल्यासाठी मी ऑफिसात गेलो. पायऱ्यांना गुळगुळीत फरशी बसवली होती. म्हणजे फंड आला होता. सरपंच अजून तेच होते, मी त्यांना उताराचं विचारलं.

"आता कोन येते मास्तर तसं? ताई तर गेल्या."

मी दाखला घेऊन बाहेर आलो. पायऱ्यांखाली एक म्हातारी गुडघे चोळत बसली होती.

"इथं का बसलात, आजी?" मी विचारलं.

"माह्या पेन्शनीचं हाये. पोरगा गेला आत."

"आतले लोक काय म्हणतात?"

"मले काय ठाव, बापा? थो आल्यावर सांगन."