मागची लाल बत्ती

एका वर्षात माझ्या पिकअपचे ब्रेक लायनर तिसऱ्यांदा जळाले, तेव्हा मी मिस्त्रीचाचांवर खेकसलो. लातुरात औसा रोडला त्यांचं गॅरेज होतं, वडिलांपासूनचं, आणि ते माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. तरी खेकसलो. मला माल खोटा वाटत होता, मिस्त्री खोटा वाटत होता. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला सगळ्याचाच वीट आला होता.

भूकंप होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. कुठून कुठून पोरं येऊन गल्लीबोळातल्या खोल्यांत राहायची. त्यांच्या जेवणाचे डबे एका मेसवाल्या काकूंकडून उचलून खोलीखोलीला पोचवायचे, हे माझं काम. सकाळी डबे, दुपारी रिकामे डबे गोळा करायचे, संध्याकाळी पुन्हा डबे. जून लागला की त्याशिवाय नांदेडहून पोरांच्या लोखंडी खाटा आणायच्या. दिवसभर बसून कंबर धरायची आणि उजवी पोटरी तर अंथरुणावरही ठणकत राहायची. वय झालं म्हणायचो आणि गप्प बसायचो.

गाडीचं दुखणं असं होतं. सकाळी ब्रेक नीट लागायचा. तासाभरानं चाकांतून जळका वास यायचा आणि पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जायचं. गॅरेजला नेईपर्यंत गाडी थंड व्हायची आणि ब्रेक पुन्हा शहाण्यासारखा लागायचा. चाचांनी लायनर बदलले, ब्रेक ऑइल बदललं, नळ्यांतली हवा काढली, मास्टर सिलिंडर उघडून आतली रबरं नवी घातली. गाडी जॅकवर चढवून चाक हातानं फिरवलं तर ते मोकळं फिरायचं, कुठंही घासायचं नाही.

"चाक धरत न्हाई, मग तापतंय कशानं?" असं ते स्वतःशीच म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. त्या बघण्याचा मला राग यायचा.

मग एका संध्याकाळी, क्लास सुटायच्या वेळेला, सायकलींनी भरलेल्या चौकात पेडल थेट तळाला गेलं. मी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली ती एका मुलीच्या सायकलच्या मागच्या चाकाला टेकून. तिनं वळून पाहिलं, दप्तर सावरलं आणि निघून गेली. आपण कशातून वाचलो हे तिला कळलंही नाही.

त्याच पावली मी काकूंकडे गेलो आणि सांगितलं, उद्यापासून दुसरी गाडी बघा, ही गाडी मी पोरांच्या अंगावर घालणार नाही.

"चार दिवस रिक्षानं धाडते डबे," काकू म्हणाल्या. "पण दादा, गाडी दुरुस्त करून या. असं सोडून कुठं जायलात?"

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली, तर चाचांनी पाना हातात घेतलाच नाही. म्हणाले, "तू औशाला चल. मी मागून येतो." मी रिकामी गाडी घेऊन पुढे आणि ते आपल्या जुन्या स्कूटरवर मागे. औसा जवळ आलं तसा त्यांनी हॉर्न वाजवून मला थांबवलं. बाटलीतलं पाणी चाकाच्या ब्रेक ड्रमवर शिंपडलं, चर्र आवाज झाला. मग ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

"लातूर सोडल्यापासून तुझी मागची लाल बत्ती विझली न्हाई. तुझा पाय ब्रेकवर हाय. दाबत न्हाईस, नुसता ठेवून राहिलास."

मी म्हणालो, शक्यच नाही, इतकी वर्षं गाडी चालवतोय.

"रिकामी गाडी असं कुणी चालवत न्हाई, बाबा," ते म्हणाले. "मागं कुणी दुखणेकरी निजलाय, असं चालवायलास."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि बायकोलाही कधी न सांगितलेलं त्यांना सांगितलं.

भूकंपाच्या दिवशी सकाळी मी हीच गाडी घेऊन औशापलीकडच्या खेड्यांत गेलो होतो. जखमी माणसं हौद्यात घालून लातूरच्या दवाखान्यात आणत होतो. एका खेपेला एक बाई म्हाताऱ्या आईचं डोकं मांडीवर घेऊन केबिनला टेकून बसली होती. गाडी आदळली की ती तळहातानं पत्र्यावर थापटायची, "हळू, भाऊ." मी ब्रेकवर पाय ठेवला तो ठेवलाच. औशाजवळ, इथंच कुठंतरी, थापटणं थांबलं. मला वाटलं, रस्ता बरा लागला. म्हातारी गेली होती हे दवाखान्यात उतरवताना कळलं. बाई एवढंच म्हणाली, "लई हळू आणलंत, भाऊ." ती दुवा देत होती की दोष, हे मला आजही ठरवता येत नाही. जोरात आणली असती तर म्हातारी वाचली असती का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मानेवर बसला आहे.

चाचांनी समजूत घातली नाही. दगडावरून उठले, स्कूटरला किक मारली आणि "चल" म्हणाले. गॅरेजवर येऊन त्यांनी नवे लायनर घातले. मागच्या बत्तीच्या तारेला एक फाटा जोडून पुढे आणला आणि स्टिअरिंगजवळ एक छोटा लाल दिवा बसवला. ब्रेकला पाय लागला की दिवा माझ्या डोळ्यांसमोर पेटणार. बाकी काही उपाय नव्हता.

पहिला आठवडा तो मेला दिवा विझतच नव्हता. मी स्वतःला शिव्या घालत पाय उचलायचो, आणि वळण येईतो पाय पुन्हा तिथंच. हळूहळू सवय मोडली. पोटरीचं ठणकणं गेलं. डबे परत माझ्याकडे आले आणि त्या चौकात पेडल पुन्हा कधी तळाला गेलं नाही.

वर्ष उलटल्यावर चाचांना काही कामासाठी औशाला घेऊन गेलो. सगळा रस्ता दिवा विझलेला होता. औसा जवळ आलं आणि तो आपोआप पेटला. मी गडबडून पाय उचलायला गेलो. चाचांनी दिव्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तेवढे लायनर जळू दे."