आबांची गाडी पिठात

ये गं, इकडे माझ्याजवळ सरक. उंबऱ्याशी पाहुण्यासारखी काय बसलीस? फोनवर 'येते, येते' म्हणत सगळा उन्हाळा घालवलास, आणि आलीस तर निघायची घाई! बस. माझ्या इंग्रजीची गंमत सांगते.

चौऱ्याण्णव साली धुळ्यात आमच्या गल्लीत केबल नुकतीच आली होती. त्याच वर्षी होळीला माझे सासरे, आबा, ट्रॅक्टरवरून उतरताना पडले. खुब्याचं हाड मोडलं. पुढे हाड जुळलं, पण डॉक्टरांनी बजावलं, "चालवा त्यांना, नाहीतर खाट सुटायची नाही." आबा काठी घेऊन दारापर्यंत यायचे, दम लागायचा. सुनेसमोर थांबायची लाज! तिथूनच माघारी.

एका रविवारी टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली. आतून आबा अहिराणीत ओरडले, "कोनं इंजिन शे व ते?" म्हणजे, कुणाचं इंजिन आहे गं ते? ट्रॅक्टरवाला माणूस, आवाज ऐकून राहवेना. बाहेर येऊन बसले. म्हणाले, "काय बोलतो तो, सांग."

आता मी फैजपूरची सातवी पास. एबीसीडी यायची, तेवढ्यावर लागले की सांगायला! तो सारखा 'पिट, पिट' म्हणायचा. मी ठामपणे सांगितलं, "आबा, गाडी पिठाला गेली."

"पीठ कशाला?"

"जेवायला नको का त्यांना? ती बघा, जाड नळीतून भरताहेत."

आबा म्हणाले, "आपल्या चक्कीवर तर दुपार जाते." मीही मान डोलावली. अशी मी हुशार!

मग दर शर्यतीला आबा बाहेर यायचे. मोसमाच्या सुरुवातीलाच एक फार नावाजलेला गडी शर्यतीतच अपघात होऊन वारला होता. आता वर्षाच्या अजिंक्यपदासाठी दोघांत चुरस होती, आणि आबा गुणांत मागे असलेल्याच्या बाजूने. त्यांच्या चालण्यालाही आम्ही फेरीच म्हणू लागलो. मध्येच चौकट धरून थांबायचे, पण आता माघारी फिरायचे नाहीत. म्हणायचे, "थांब व माय, मी पीठमा शे." शर्यतीतल्या गाड्या थांबतात, मग आबांनी थांबायला लाज कसली? दम खाऊन पुढे. पण काठी काही सुटेना.

शेवटची शर्यत सकाळी होती. समोरचे बँकवाले भाऊ बघायला आले. मी नेहमीसारखी सांगत होते. ते हसून लोळले, "वहिनी, पिट म्हणजे गाडी थांबायची जागा हो! पीठ कसलं?" माझा चेहराच पिठासारखा पांढरा पडला. पदर तोंडाला लावून मी स्वयंपाकघराकडे निघाले.

तेवढ्यात पुढची गाडी भिंतीला घासली, आणि मागची शेजारून निघत असताना तिच्यावर आदळली. दोघंही बाद. गुण एकाने जास्त, म्हणून वर्षाचं अजिंक्यपद पुढच्यालाच. बँकवाले म्हणाले, "नियमात बसतं, आबा," आणि चपला घालून निघाले.

"हाऊ खोटा डाव शे!" आबा ओरडले आणि तरातरा त्यांच्यामागे थेट दाराबाहेरच्या ओट्यावर. "आणि माझ्या सुनेला हसतोस? आमच्या घरी पीठच म्हणतात!"

मी वळून पाहिलं. काठी खुर्चीलाच टेकलेली होती.

हसतेस काय! आता माझेही गुडघे बोलतात. बाजारातून येताना मारुतीच्या पारावर टेकते, कुणी विचारलं तर सांगते, पिठात आहे. तू पुढच्या वेळी इतके दिवस लावू नकोस हं. दिवाळीच्या आधीच ये, दोघी मिळून ओट्यापर्यंत एक फेरी मारू.