ब्यांकेचा शेर

आमच्या साखरखेर्ड्यात बँक निघाली तेव्हा पैसे जमायला फार वेळ लागला. किस्से मात्र आधीपासूनच जमत होते! वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. सहकारी पेढी काढायची तर दहा सभासद लागायचे. मी शाळामास्तर, म्हणून चिटणीस. नामदेवकाका अध्यक्ष.

*

चौकशीसाठी आम्ही दोघं बुलढाण्याला गेलो. काकांनी पानवाल्याला विचारलं, "ब्यांक कुठी हाय, भाऊ?" त्याने हौसेने एका गल्लीत नेऊन सोडलं. तिथे ढोल, ताशे, पिपाण्या. बँडमास्तर म्हणाला, "लग्न कवाचं हाय?"

काका शांतपणे म्हणाले, "अजून नवरीच भेटली नाई."

*

दहा सभासद कसेबसे जमले. चावडीवर मी नियम वाचले, "सभासदांची जबाबदारी अमर्याद राहील." दहांतल्या विठोबाची म्हातारी आई मागे बसलेली. ती ताडकन उठली.

"अमर्याद मानसांत माहा पोरगा नाई बसनार. चाल रे घरी."

विठोबाला नातवंडं होती. तो मुकाट्याने वहाणा शोधू लागला. दहाचे नऊ झाले, आणि तपासणीचे साहेब दोन दिवसांनी यायचे होते. माझी तर झोपच उडाली.

*

खंडू न्हाव्याला गाठलं, पेढीत आलास तर पत वाढेल म्हटलं. म्हणाला, "पत म्हंजे काय, मास्तर?"

"लोकांचा भरोसा."

"मंग मले पेढी कायले पायजे? अख्खं गाव माह्या वस्तऱ्याखाली मान देते."

*

शेवटी भाजीवाल्या गोदाकाकूंना म्हटलं, "काकू, बँकेचा एक शेअर घ्या." त्या लगेच हो म्हणाल्या. मला हायसं वाटलं.

साहेब आले, बँकेसाठी चावडीत मांडलेल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले. काकू आल्या त्या पिशवी घेऊन. माझ्यापुढे तिचं तोंड उघडून धरलं.

"टाका माहा शेर. ज्वारी हाय का गहू?"

काका दुसरीकडे बघू लागले. मी घाम पुसत समजावलं, "काकू, शेअर म्हणजे शेरभर धान्य नाही. तुम्ही पैसे द्यायचे, मग बँकेत तुमचा वाटा."

काकूंनी पिशवीची घडी घातली. आता ही बाई जाते आणि बँकही जाते, असं मला वाटलं.

"म्हंजे ब्यांक माही?"

"थोडी तुमचीही."

त्यांनी कमरेची गाठ सोडली, पैसे मोजून ठेवले, अंगठा उठवला. मग पदर सावरून साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"मास्तर, सायबाले उठवा. माह्या खुर्चीवर बसले ते."