ग्लासावर ठेवलेला हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

तासगावात बेदाण्याच्या शेडवर कामाला आलेला तो माणूस दर रविवारी आमच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा. प्रभुभोजनातला द्राक्षारसाचा प्याला आला की तो कपाळाला लावायचा, ओठाला न लावता पुढे द्यायचा.

नाताळला मंडळी आमच्या घरी जमली. घरी केलेली वाइन मी सगळ्यांना देत होतो. त्यानं ग्लासावर हात ठेवला.

"आवं पाव्हणं, प्रभूनंच एका लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला. झिंगणं पाप हाय, घोटभर घेणं न्हाई," मी म्हणालो. "का आमच्यापरास पवित्र झालासा?"

सगळे हसले आणि फराळाच्या ताटांकडे वळले.

"तुमचं घोटावर थांबतंय, साहेब. माझं थांबत न्हाई," तो हळूच म्हणाला.

मी त्याचा हात बाजूला सारून ग्लास भरला. तो प्यायला. त्या दिवसापासून पुन्हा पीतच राहिला, आणि ईस्टरआधी आम्ही त्याला पुरलं.

"पोरगी झाल्यापास्नं ह्यांनी थेंब शिवला न्हवता. कुणी पाजली वो?" गावाकडून आलेली त्याची बायको कबरीपाशी एकेकाला विचारत होती. ती माझ्यापुढे आली तेव्हा मी प्रार्थनेला डोळे मिटले.

थोडी घेणं पाप नाही, असं मी आजही मानतो. पण त्या बाईला मी उत्तर देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.